चित्रातला नावाडी आणि द्रौपदाबाई

द्रौपदाबाईला रडता येत होतं. आता म्हणाल, रडता कोणाला येत नाही? पण स्वयंपाक प्रत्येकीला येतो आणि तरी लग्नातल्या वरण-बट्टीला अमकीच बाई लागते, तसं होतं ते. नरडाण्याच्या आसपासच्या गावांत कोणी गेलं, की दारावर जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा द्रौपदाबाईची.

दारावर जायचं म्हणजे नातेवाइकांनी गाडी भरून मयताच्या घरी भेटायला जायचं. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबते, बाया डोक्यावरून पदर ओढतात आणि तिथून घरापर्यंत रडत जातात. घरातल्या बाया पुढे येतात, गळ्यात पडतात, गेलेल्याचे गुण गातात. पण हे कोणीतरी सुरू करावं लागतं. नाहीतर सगळ्या जणी एकमेकींकडे बघत नुसत्याच चालतात, आणि समोरच्या ओट्यावरच्या माणसाला वाटतं लग्नाचं वऱ्हाड आलं. तर तो पहिला सूर द्रौपदाबाईचा.

त्याची तयारी ती जीपमध्येच करायची. म्हातारा काय खायचा, कोणत्या लेकीवर जीव होता, शेवटी दवाखान्यात कोण बसलं आणि कोण फक्त डबा देऊन पळालं, सगळं विचारून घ्यायची. मग रडताना ते बरोबर ओवायची. गेलेल्याला फुलं वाहायची आणि राहिलेल्यांना टाचण्या टोचायची. सासऱ्याला दूध पाणी घालून देणारी सून पहिल्या सुरालाच मान खाली घालायची. लोक द्रौपदाबाईला बोलवायचे आदरानं, पण त्यातला अर्धा आदर भीतीचा होता.

आणि एक गंमत. एवढं रडून तिचा पदर कोरडा. डोळ्याला लावायची, पण ओला व्हायचा नाही. पाणी काय, कांदा चिरतानाही निघतं, ती म्हणायची, आपलं काम शब्दांचं आहे. रडून झालं की चूळ भरायची, चहा मागायची आणि साखर कमी पडली तर तसं सांगायची. घरी आली की उंबऱ्याबाहेर डोक्यावरून अंघोळ, मग आत. नियम म्हणजे नियम.

गावाच्या वरच्या गल्लीत कमलबाई होती. वयानं लहान, आवाजानं दांडगी. तिला शब्द सुचायचे नाहीत, पण पाणी असं काढायची की शेजारणीचा खांदा भिजावा. जीपमध्ये तिची जागा मागच्या फळीवर, आणि ती जागा तिला बरीच वर्षं टोचत होती.

असं सगळं ठीक चाललं असताना लीलाधर नाना निवृत्त होऊन गावात आले. ते दीपनगरला वीज केंद्रात होते. आयुष्यभर साऱ्या मुलखासाठी वीज तयार केली आणि म्हातारपणी अशा गावात येऊन राहिले जिथे ती निम्मा दिवस नसायची. येताना रंगीत टीव्ही आणला. बांबूला ॲन्टेना बांधला. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर सगळं गाव जमायचं, आणि नाना खुर्चीवर बसून टीव्हीच्या आधी स्वतः बोलायचे.

त्या वर्षी दर रविवारी एक चित्रांची मालिका लागायची. नानांनी सांगितलं, ही जपान देशात हातानं काढलेली चित्रं आहेत, एकेका सेकंदाला ढीगभर लागतात, आणि बोलणं मुंबईत हिंदीतून भरलं आहे. बायांना सेकंदाचं काही पडलं नव्हतं. गोष्ट अशी होती, की एका मोठ्या नदीवर एक म्हातारा नावाडी असतो. पुरात वाहून आलेली एक पोर त्याला सापडते. तिला तो वाढवतो. एक कुत्रं, एक नाव, एक झोपडी. एवढंच. पोरीचे डोळे वाटीएवढे आणि नाक म्हणजे ज्वारीचा दाणा. पहिल्या रविवारी द्रौपदाबाईनं निकाल देऊन टाकला, “डोया देखा वं तिना. पोर नही, घुबड शे.”

पण दुसऱ्या रविवारी ती पुढे येऊन बसली. तिसऱ्या रविवारी तिनं नानांना गप्प बसवलं. पावसाळा आला तेव्हा तो म्हातारा तिला गावातला वाटू लागला होता. त्याला खोकला येतो, मिशांवर बर्फ जमतं, भाकरीचा मोठा तुकडा पोरीला देऊन लहान आपण खातो आणि वर ढेकर दिल्याचं सोंग करतो. असा म्हातारा आमच्याकडे एक असता तर, असं जी ती म्हणायची आणि घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्यावर खेकसायची.

मग तो म्हातारा आजारी पडला. मरायला त्याला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी पुरातून डॉक्टरला पलीकडे पोचवताना भिजला. दुसऱ्या रविवारी अंथरुणात पडून पोरीला वल्हं कसं धरायचं ते सांगत राहिला. तिसऱ्या रविवारी गेला. ती घुबडडोळी पोर काही न बोलता नुसती किनाऱ्यावर बसली. टीव्हीत कोणी रडेना. जपानात तशी पद्धत नसावी. ओट्यावरच्या बाया द्रौपदाबाईकडे बघू लागल्या. इतका चांगला माणूस गेलेला, पोर एकटी बसलेली आणि दारावर कोणी नाही. द्रौपदाबाईला ते बघवेना. तिनं पदर ओढला आणि सूर लावला.

“बठ्ठास्ले पार लावं रे बाबा, तुले कोन पार लाई रे.”

सगळ्यांना पलीकडे नेणाऱ्याला आता पलीकडे कोण नेणार, या सवालावर सगळा ओटा रडला. नाना चष्मा पुसायला आत गेले. आणि द्रौपदाबाई घरी गेली ती उंबऱ्याबाहेर थांबून डोक्यावरून अंघोळ करूनच आत शिरली. दारावर रडलं की अंघोळ करायची, हे अंगात मुरलेलं. मेला कोण, माणूस की चित्र, याचा हिशेब तिच्या हातांनी केलाच नाही.

ती अंघोळ तिला महागात पडली. तिला अंगणात केस निथळताना कमलबाईनं पाहिलं. रडणं एक वेळ खपलं असतं. ओट्यावर सगळ्याच रडल्या होत्या. पण चित्राचं सुतक पाळलं, ही बातमी गिरणीपासून दोंडाईच्याच्या बाजारापर्यंत आठवड्यात पोचली. कमलबाई ती सांगताना शेवटी न चुकता म्हणायची, की आपण बाई तो टीव्ही बघतही नाही, वेळ कुठे असतो.

पुढे दोंडाईच्याला छगन आबा वारले. मोठं घर, मोठी भावकी. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, द्रौपदाबाईनं पदर ओढला, सूर लावला. समोरून आबांची धाकटी सून गळ्यात पडायला आली, आणि पडता पडता कानाशी म्हणाली, “आक्का, हाई खरं शे ना? का तुमना टीव्हीमानं?”

मागच्या दोघी पदराआड फिसकल्या. मग आणखी कोणीतरी. मयताच्या दारात हसू फुटलं. द्रौपदाबाईचे शब्द तोंडातच राहिले. तेवढ्यात मागून कमलबाईनं मोठ्यांदा गळा काढला आणि वेळ निभावली. परत येताना ड्रायव्हरशेजारी कमलबाई बसली, आणि द्रौपदाबाई मागच्या फळीवर. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं ते.

त्यानंतर निरोप कमलबाईकडे यायला लागले. द्रौपदाबाईच्या घरावरून जीप जायची आणि थांबायची नाही. नवरा कधीच गेलेला, लेक लग्न होऊन सुरतेला. या बाईला गावात काय होतं? तो पहिला सूर होता. तो गेल्यावर ती नुसती एक म्हातारी उरली, आणि म्हाताऱ्या गावात रग्गड होत्या.

उन्हाळा आला आणि नानांनी पेपरात वाचून सांगितलं, की त्याच मालिकेचा आता मोठा सिनेमा केला आहे आणि तो धुळ्याला टॉकीजमध्ये लागला आहे. तीच पोर, तोच नावाडी, मोठ्या पडद्यावर. गिरणीवर ही बातमी निघाली तेव्हा पीठ घ्यायला निम्मं गाव उभं होतं. कोणीतरी म्हणालं, आक्का, साबण घेऊन जा बरोबर. सगळ्या हसल्या.

द्रौपदाबाईनं डबा खाली ठेवला. “चला धुयाले. बठ्ठ्याजनी चला. तो बाबा मरी तव्हय एकबी डोया वला नही व्हयना, ते मी आजपासून कोनाच दारवर पाय ठेवाव नही.”

ही बाई काय पणाला लावून बसली ते सगळ्यांना कळलं. टॉकीजमध्ये एकीचा तरी डोळा ओला झाला, म्हातारा रडण्याजोगा होता हे सिद्ध झालं, तर ती वेडी नव्हती. नाही झालं, तर आयुष्यभराचं रडणं संपलं.

कमलबाई म्हणाली, “मी साक्षीले येस. माले काय, मी ते टीव्ही देखत बी नही.”

तर अशी ती बाजरीच्या कापणीला निघावी तशी टोळी एसटीनं धुळ्याला निघाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची पिशवी. पुष्पाबाईनं तर लोणच्याची बरणी घेतली, जणू सिनेमा पाहायला मुक्कामाला जायचं होतं. लीलाधर नाना एकटे पुरुष, पांढरा सदरा घालून पुढे. बसमध्ये द्रौपदाबाई मनात आठवत होती, म्हातारा कधी भिजला, कोणत्या कुशीवर वळला. काम महत्त्वाचं होतं, आणि या वेळी मयत पडद्यावर असलं तरी दार तिचं स्वतःचं होतं.

टॉकीज सुट्टीतल्या पोरांनी भरलेलं. धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या शिकलेल्या आया मुलांना घेऊन आलेल्या, मांडीवर पर्स, हातात रुमाल. या बायांना बघून त्यांनी मुलांना जवळ ओढलं. बायांनीही त्यांच्याकडे बघून घेतलं. मग अंधार झाला.

सुरुवात छान होती. नदी आली, नाव आली, म्हातारा आला. पडद्यावर त्याची एकेक मिशी एरंडाच्या फांदीएवढी. द्रौपदाबाई ताठ बसली. पोर पुरात सापडली, ते गाण्यातच उरकलं. पोर मोठी झाली, तेही त्याच गाण्यात. भाकरीचा तुकडा, ढेकराचं सोंग, बर्फातली रात्र, काहीच आलं नाही. मालिकेत जी पोर पावसाळाभर चालायला शिकत होती, ती इथे एका कडव्यात पळायला लागली. नानांनी हळूच सांगितलं, वर्षभराची मालिका दोन तासांत बसवलीय, कापणारच ना. मग पूर आला. म्हातारा नावेत बसला, वीज चमकली आणि पुढच्याच चित्रात त्याची टोपी पाण्यावर तरंगत होती.

आता दाखवतील, असं द्रौपदाबाईला वाटलं. पण पडद्यावर एक पाववाला आला, आणि पावाला कागद गुंडाळता गुंडाळता गिऱ्हाइकाला म्हणाला, की बूढ़े बाबा तो चल बसे. गिऱ्हाईक म्हणालं, अच्छा. आणि पोर एका मोठ्या फुग्याला टांगलेल्या टोपलीत बसून हसत हसत आकाशात गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुष्पाबाईनं शेंगा सोलता सोलता विचारलं, “कव्हय मरस वं तो?”

म्हातारा मरून गेल्याचं तिला कळलंच नव्हतं. मग अंधारात एक जण हसली, मग दुसरी. ज्याच्यासाठी धुळ्यापर्यंत आलो, तो म्हातारा पावाच्या कागदात गुंडाळून दिला होता. कमलबाई हसली नाही, पण तिनं नानांना विचारलं, की परत जायची एसटी कितीची आहे. त्यातच सगळं आलं.

द्रौपदाबाईला आधी लाज वाटली आणि मग संताप आला. तो सिनेमावाल्यांचा. दारावर उशिरा येणारे पाहुणे तिनं पाहिले होते, चहा पिऊन पळणारे पाहिले होते, पण मयतच गाळून टाकणारं घर तिनं पाहिलं नव्हतं. वर्षभराचा माणूस दोन तासांत बसवायचा म्हटल्यावर त्याला मरायला वेळ कुठून मिळणार? ती उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून ओढला. फुगा डोंगरावरून चालला होता, वाजंत्री जोरात होती. तिचा आवाज वाजंत्रीच्या वर गेला.

“कोनी नही रडनं रे तुले बाबा. मोठी भाकर पोरले दिधी, धाकली तू खादी, आन ढेकर दिन्हा रे खोटा.”

पुढून आवाज आला, बसा खाली. मागून शिट्टी. ती थांबली नाही. सिनेमानं जे जे कापलं होतं ते ते तिनं एकेक काढून जोडायला घेतलं. बर्फातलं घोंगडं, पुरातला डॉक्टर, वल्हं धरायला शिकवणारे थरथरते हात. देवपूरच्या आया आधी वैतागल्या, मग ऐकू लागल्या. त्यांची मुलंही घरी मालिका बघायची. एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, हो मम्मी, तसंच होतं, यांनी दाखवलंच नाही. पुष्पाबाईच्या शेंगा थांबल्या. तिच्या शेजारच्या भिकुबाईनं नाक ओढलं. पद्धत अशी, की एकीनं सूर लावला आणि तो खरा असला, तर बाकीच्यांना कोरडं बसता येत नाही. हळूहळू ती सगळी रांग हलायला लागली.

कमलबाई तेवढी दगडासारखी बसलेली. ओठ आवळलेले. साक्षीला आलेली ना.

द्रौपदाबाई शेवटाकडे आली. “एकलाच मरना रे बाबा, कोनी नही व्हतं रे जोडे.”

आणि कमलबाई उसळून उठली.

“एकला कसाले वं? कुत्रं व्हतं त्याना पायशी. तीन दिन उठनं नही ते, भाकर बी खादी नही त्यानी.”

एवढं म्हणून तिला समजलं आपण काय म्हणालो ते. पण तोवर उशीर झाला होता. कुत्र्याचं नाव निघताच तिचं पाणी फुटलं, आणि कमलबाईचं पाणी फुटलं की ते कोणाला थांबवता येत नाही. ती द्रौपदाबाईच्या गळ्यात पडली. दोघी जणी, एक शब्दांची आणि एक पाण्याची, फुग्याच्या उजेडात उभ्या राहून कुत्र्यासकट त्या नावाड्याला रडल्या. टॉकीजमधल्या निम्म्या रुमालांचं त्या दिवशी सार्थक झालं. द्रौपदाबाईनं सवयीनं पदर डोळ्याला लावला आणि तो ओला झाला, तेव्हा तिला आधी वाटलं कमलचंच पाणी असेल.

मॅनेजर बॅटरी घेऊन आला. पाठोपाठ दारावर तिकीट फाडणारा गुलाब. मॅनेजर म्हणाला, हे टॉकीज आहे, स्मशान नाही. नानांनी त्याला सेकंदाला किती चित्रं लागतात ते सांगायला सुरुवात केली, त्यामुळे सगळ्यांनाच बाहेर काढण्यात आलं. सिनेमाचा शेवट कोणीच पाहिला नाही, आणि कोणाला त्याची खंतही नव्हती. ज्या घरी मयताला मान नाही, त्या घरचं जेवण कशाला?

एसटी स्टॅंडवर भाकरी सोडल्या. पुष्पाबाईची बरणी फिरली. कमलबाई एका टोकाला पाठ करून बसलेली. द्रौपदाबाई तिच्याजवळ जाऊन टेकली. साक्षीदार आपण होऊन फिरला होता, आता त्याला सोडायचा कसा?

“तू ते देखत नव्हती ना वं, कमल?”

कमलबाईनं घास गिळला. मग म्हणाली, “नानाना गोठानी खिडकीमाईन देखं. दर रविवारी.”

“आन रडनी?”

“रडनी. म्हशीशिवाय कोनीच नही देखं.”

“आन अंघोळ?”

“व्हय आक्का. केलती. हौदावर, दुसरा दिन पहाटले,” कमलबाई म्हणाली, आणि घाईघाईनं दुसरी भाकर तोंडात कोंबली.

द्रौपदाबाई हसली नाही. हसायचं काम दुसऱ्यांना करू दिलं. भिकुबाईनं ते ऐकलं होतं, म्हणजे आठवड्यात दोंडाईच्याच्या बाजारात पोचणारच होतं.

गावात दोघींची अंघोळ झाली म्हटल्यावर त्यात चेष्टेसारखं काही उरलं नाही. एकीनं केलं तर वेड, दोघींनी केलं तर रीत. जीप पुन्हा द्रौपदाबाईच्या दारात थांबू लागली. ड्रायव्हरशेजारी दोघी जणी बसायच्या, ड्रायव्हर बिचारा अर्धा दाराबाहेर. जाताना दोघी माहिती काढायच्या, आणि राहिलेल्यांना आता टाचण्या दोन्ही बाजूंनी बसायच्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास धुळ्याहून दोघींना न्यायला खास गाडी आली. कोणी अभिमन साहेब होते, मोठ्या हुद्द्यावरचे, त्यांचे वडील वारले होते. बंगल्याबाहेर मांडव, खुर्च्या, माईक. द्रौपदाबाईनं फाटकाशी पदर ओढला, तेवढ्यात साहेब लगबगीनं पुढे आले. रेशमी कुर्ता, हातात घड्याळ. खालच्या आवाजात म्हणाले, “मावशी, जरा आटोपशीर घ्या. श्रद्धांजलीची भाषणं आहेत, पाहुण्यांना परत जायचंय. दोन मिनिटांत बसवा सगळं.”

द्रौपदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. कमलबाईकडे पाहिलं.

“तुले बाप दोन मिनिटमा बसाडना व्हता, ते टॉकीजवालाले बलावनं व्हतं भाऊ. आमले कसाले बलावं?”

मग ती फाटकातच, माईकच्या वायरीवर बैठक मारून बसली. शेजारी कमलबाई बसली. खुर्च्यांवरच्या पुढाऱ्यांनी घड्याळं पाहिली. आणि द्रौपदाबाईनं साहेबांच्या वडिलांना त्यांच्या बारशापासून रडायला घेतलं.